चार इमलीतले नाम

दर रविवारी सकाळी चार इमलीतल्या आमच्या व्हरांड्यात सात-आठ मुले मराठी शिकावयास जमतात. बंगला सरकारी, चिरंजीवांच्या नावे मिळालेला. मी सेवानिवृत्त झाल्याला काही वर्षे लोटली, तेव्हा हा वर्ग हेच माझे उरलेले कार्यालय. मुले ज्या घरांतली आहेत त्या घरांना माळव्यात किंवा ग्वाल्हेरीकडे येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी जे कानावर पडेल ते मराठी. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना पाच वाक्ये घालून दिली व त्यांतल्या नामांखाली रेघ ओढावयास सांगितले. पाचवे वाक्य मुलांना हसू यावे म्हणून घातले होते : 'आजोबा चार इमलीत राहतात.'

दहा वर्षांच्या एका मुलीने 'आजोबा' आणि 'इमलीत' यांखाली रेघा ओढल्या, 'चार'भोवती वर्तुळ काढले आणि वर बारीक अक्षरांत 'विशेषण' असे लिहिले. मी समाधानाने बरोबरची खूण केली. शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, पण इथे चारच चिंचा आहेत का?" सगळी मुले हसली, मीही हसलो आणि वर्ग सुटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की मुलगा थट्टा करीत नव्हता आणि माझी खूण चुकली होती. उभा जन्म दुसऱ्यांच्या टिपणांतले शब्द तपासण्यात गेला. आणि दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत पाच शब्दांचे वाक्यही धड नसलेला एक मजकूर मला तपासता आला नाही.

चूक कोठे झाली हे शोधू लागलो तेव्हा एका प्रश्नाशी येऊन थांबलो. शब्द नाम आहे हे ओळखावयाचे कशावरून? अर्थावरून, रूपावरून, की वाक्यात तो जे काम करतो त्यावरून? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा मराठीतला इतिहास आपल्या या प्रदेशातून दोनदा तरी गेलेला आहे. आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच तो ठाऊक असेल, म्हणून हा लेखप्रपंच.

निरुक्तकार यास्कांनी शब्दांचे चार वर्ग मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. ज्यात वस्तूचे अस्तित्व प्रधान ते नाम, ज्यात क्रिया प्रधान ते आख्यात, अशी त्यांची वाटणी. हा अर्थाचा मार्ग. पाणिनींनी रूपाचा मार्ग धरला. त्यांच्या दृष्टीने वाक्यात येणारे पद दोनच प्रकारचे : सुबन्त आणि तिङन्त. ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात ते सुबन्त, ज्याला क्रियापदाचे लागतात ते तिङन्त. अव्ययांनाही सुबन्तात घालून त्यांचा प्रत्यय लोपला असे त्यांनी मानले, इतका हा हिशेब काटेकोर. या हिशेबात विशेषणाला वेगळी खोली मिळाली नाही आणि ती मिळण्याचे कारणही नव्हते. संस्कृतात विशेषण आपल्या नामाबरोबर लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्हींत चालते. नामाला चतुर्थी लागली की त्याच्या विशेषणालाही लागते. दोघांचा पोशाख एकच असेल तर पोशाखावरून निराळे कसे करणार? ग्रीक व लॅटिन व्याकरणांतही नेमके हेच झाले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सने ग्रीक शब्दांचे आठ वर्ग केले, पण विशेषण त्याने नामातच ठेवले. युरोपात विशेषण नामापासून पुरते विभक्त झाले ते बऱ्याच नंतर.

मराठीच्या आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक निघाले ते मराठी मुलखाबाहेर. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी १८०५ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना साहाय्य वैजनाथ पंडितांचे होते. त्याच्याही आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. म्हणजे आपल्या भाषांकडे व्याकरणाच्या नजरेने पाहणारे हे आरंभीचे ग्रंथकार परभाषी होते. त्यात नवल नाही. जो घरात जन्मतो त्याला घराचे दरवाजे मोजावे लागत नाहीत.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. गंमत अशी की त्यांच्यापुढे पाणिनींइतकाच लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचाही आदर्श होता. मरे यांचे पुस्तक १७९५चे. त्यात शब्दांच्या नऊ जाती होत्या, त्यांतले उपपद मराठीला नकोच होते. उरल्या आठ : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. आपण सर्वांनी चौथीत घोकलेली ही माळ अशा रीतीने इंग्रजी दोऱ्यात ओवून आली. याच दादोबांनी काही काळ माळव्यातील जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक म्हणून काम केले होते. रतलामकडे जाताना जावरा स्टेशन लागले की आता मला त्यांची आठवण होते.

ही माळ परकी म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा करणारे निबंध लिहिले. ते पुस्तकरूपाने १८९३ साली, त्यांच्या पश्चात, आले. दरम्यान १८८८ साली आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहून शब्दावरची नजर वाक्याकडे वळविली. समाजसुधारक आगरकर सर्वांना ठाऊक. वाक्याचे पृथक्करण शिकविणारे आगरकर फारसे कोणी वाचत नाही.

माझे मत विचाराल तर आठ जातींचा साचा परका असला तरी नाम व विशेषण ही फारकत मराठीला परकी नाही. मराठीने ती स्वतःच करून ठेवली होती. 'चांगल्या मुलाला' असे आपण म्हणतो, 'चांगल्याला मुलाला' असे म्हणत नाही. विशेषण वाकते, 'चांगला'चे 'चांगल्या' होते, पण प्रत्यय उचलण्याचे ओझे ते नामावर टाकते. संस्कृतात दोघेही ओझे वाहतात, मराठीत एकटे नाम वाहते. म्हणूनच मराठीत प्रत्यय कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहिले की नाम सापडते. आणि एखाद्या विशेषणाने तो उचलला तर ते त्या वाक्यापुरते नाम झाले असे खुशाल समजावे. 'शहाण्याला शब्दाचा मार' यातला शहाणा, 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' यातली नकटी, ही कोशात विशेषणे आहेत. म्हणीत मात्र अस्सल नामे. 'आंधळा मागतो एक डोळा' येथे तर प्रत्ययही नाही, पण मागणारा तोच. उलट 'उतावळा नवरा' म्हटले की उतावळा पुन्हा विशेषणाच्या जागी जाऊन बसतो.

नामाच्या जागी कोणीही येऊन बसू शकतो. 'त्याचे जाणे मनाला लागले' यात क्रियापद, 'त्याच्यातला मी काही जाईना' यात सर्वनाम, 'तुझा पण मध्ये आणू नकोस' यात उभयान्वयी, 'सभेत त्यांची वाहवा झाली' यात केवलप्रयोगी. सरकारी नोकरीत खुर्चीला मान असतो, बसणाऱ्याला नसतो, हे सत्य मला उशिरा कळले. व्याकरणकारांना ते आधीच कळले होते. म्हणूनच सुटे शब्द देऊन 'यांतील नामे ओळखा' असे विचारणारे प्रश्न मला निरर्थक वाटतात. वाक्याशिवाय शब्दाला जात नाही.

हा सगळा विचार ज्यांनी सर्वांत कसोशीने केला ते मोरो केशव दामले आपल्या उज्जैनचे. जन्माने नव्हे, नोकरीने. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आणि विसाव्याच्या आरंभीच्या वर्षांत ते उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. पुढे ते नागपूरला आणि तेथून पुण्याला गेले. त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, ते वारले. ग्रंथ प्रचंड आहे. पद्धत अशी की प्रत्येक मुद्द्यावर आधीच्या व्याकरणकारांची मते समोर मांडावयाची, त्यांच्याशी वाद घालावयाचा आणि मग आपला निर्णय द्यावयाचा. फायलीवर टिपण लिहिण्याची हीच उत्तम रीत आहे. मला नोकरीत ती पाळणारे थोडे भेटले. १९७० साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली आणि नव्या पिढीला दामले पुन्हा वाचावयास मिळाले.

दामल्यांना उज्जैनमध्ये काय ऐकू येत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. वर्गात इंग्रजी, बाजारात माळवी, दरबारी कामकाजात मराठी आणि हिंदी-उर्दू. जेथे चार भाषा रोज एकमेकींना घासतात तेथे आपल्या भाषेचा शब्द कसा वळतो हे अधिक दिसत असावे. हा माझा तर्क आहे, त्याला कागद नाही. कागद आहे तो पुढच्या गोष्टीला. सागरचे सुपुत्र पंडित कामताप्रसाद गुरु यांचे 'हिंदी व्याकरण' १९२०च्या सुमारास काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. त्यासाठी काही पारिभाषिक शब्द आपण मराठी व बंगाली व्याकरणांतून घेतले, असे गुरुजींनी भूमिकेत प्रांजळपणे नोंदविले आहे. आमच्या नातवंडांना शाळेत जे हिंदी व्याकरण शिकवितात त्यात मराठीचा वाटा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ती 'संज्ञा' शिकून येतात आणि रविवारी मला विचारतात, "नाम म्हणजे संज्ञाच ना?" होय, तेच. मात्र ते शोधण्याची रीत दोन्हीकडे सारखी नाही.

हिंदीत 'ने', 'को', 'में' नामापासून सुटे उभे राहतात आणि बहुतेक नामे त्यांच्यापुढे एकवचनात बदलत नाहीत. 'बिच्छू ने काटा' यात बिच्छू अख्खा दिसतो. मराठीत 'विंचवाने' यातून विंचू सोलून काढावा लागतो. मुलांना मी 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण दिली आणि मूळ शब्द लिहावयास सांगितला, तर आठांपैकी पाच जणांनी 'विंचव' लिहिला. लाडवाचा मूळ शब्द 'लाडव', वासराचा 'वासर'. भाऊ मात्र सर्वांना सापडला, कारण रक्षाबंधन नुकतेच झाले होते. ही मुले मतिमंद नव्हेत. प्रत्ययापूर्वी नामाला जे वळण मिळते, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, ते त्यांच्या कानांवर पडलेलेच नाही. ती 'पंखा खाली बस' म्हणतात, 'पंख्याखाली' म्हणत नाहीत. आणि 'माझी आवाज' म्हणतात, कारण हिंदीत आवाज स्त्रीलिंगी. शब्द मराठीच, पण त्याचे वळणही गेले आणि लिंगही.

माझी आजी धारची. ती 'धारेस जाऊन आले', 'इंदुरास पत्र धाडले' असे बोलत असे. माझे वडील मध्य भारताच्या नोकरीत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, इंदूर-ग्वाल्हेरचे आणि नागपूरचेही कितीतरी मराठी नोकरदार भोपाळात आले, त्यांत तेही आले. ते 'भोपाळात' म्हणत. मी 'भोपाळला' म्हणतो. चिरंजीव 'भोपालमध्ये' म्हणतात. नात 'भोपाल में' म्हणते आणि पुढे मराठी क्रियापद लावते. एका गावाच्या नावाने चार पिढ्यांत केलेला हा प्रवास. आजीला धार परकी वाटत नव्हती, कारण तिने ती आपल्या प्रत्ययापुढे वाकविली होती. आडनावांचेही तसेच. पूर्वी 'गोखल्यांनी', 'फडक्यांना', 'दामल्यांचा' असे सर्रास चाले. आता 'गोखलेंनी', 'दामलेंचा' ऐकू येते, पुण्यातसुद्धा. तेव्हा सगळा दोष आम्हा परमुलखातल्यांच्या माथी मारू नये.

विशेषनामांचे नशीब तर आणखी विचित्र. भोपाळच्या टी. टी. नगरात रोज हजारो लोक येतात-जातात. त्या दोन इंग्रजी अक्षरांमागे तात्या टोपे उभे आहेत, ज्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फाशी दिले. बसच्या पाटीवरून त्यांचे नाव गेले, दोन अक्षरे उरली. उलट काही ठिकाणी नुसत्या आकड्यांची विशेषनामे झाली आहेत. आमच्या शहरात 'बारह सौ पचास' हे एका भागाचे नाव आहे. पूर्वी तेथील सरकारी घरांच्या संख्येवरून पडलेले. तसेच 'ग्यारह सौ क्वार्टर', 'दस नंबर', 'साढ़े छह'. इंदुरात 'छप्पन दुकान' आहे, 'नौलखा' आहे, आणि आमच्या चारला साथ देणारी 'तीन इमली'ही आहे. 'बारह सौ पचासला उतर' या वाक्यात रेघ कशाखाली ओढणार? कोशात ते संख्याविशेषण. येथे त्याच्यापुढे नाम नाही, प्रत्यय त्याच्याच खांद्यावर आहे. तेव्हा ते नाम.

आता 'चार इमलीत'. 'चार' हे खरोखर इमलीचे विशेषण असते तर नाम अनेकवचनी झाले असते. चार काठ्यांत, चार वाट्यांत, चार गाड्यांत, तसे चार इमल्यांत. वजनमापांची गोष्ट निराळी, तेथे बोलण्यात वचन सैल पडते. पण झाडे मोजताना मराठी माणूस असा सैलपणा करीत नाही. आपण सारे 'चार इमलीत' म्हणतो, एकवचनी. हिंदीभाषकही 'चार इमली में' म्हणतात, 'इमलियों में' म्हणत नाहीत. म्हणजे दोन्ही भाषांच्या बोलणाऱ्यांनी, कोणत्याही व्याकरणकाराला न विचारता, हे दोन शब्द मिळून एका ठिकाणाचे नाव आहे असे केव्हाच ठरवून टाकले. सातपुडा म्हणताना आपण पुडे मोजत नाही, 'सातपुड्यात' म्हणतो, तसेच हे. चिंचा चार असोत, चाळीस असोत, की एकही नसो. त्या धाकट्या मुलाने विचारलेला प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर झाडांत नव्हते, 'इमलीत' या शब्दावर नसलेल्या अनुस्वारात होते.

पुढच्या रविवारी मी मुलीची वही मागून घेतली, माझी खूण सर्वांदेखत खोडली आणि 'चार इमलीत' या दोन्ही शब्दांखाली एकच सलग रेघ ओढली. कारण समजावून सांगितले. शिवाय एक नियमही सांगून टाकला, की विशेषनामाचे भाषांतर होत नाही. कोणी 'चार चिंचांत राहतो' म्हणत नाही. मुलीने ऐकून घेतले, थोडा विचार केला, आणि वहीत स्वतःचे एक वाक्य लिहून माझ्यापुढे धरले : 'आजी साडेसहा नंबरला उतरली.'

'साडेसहा नंबरला' या दोन्ही शब्दांखाली सलग रेघ होती. माझ्या घरात 'साढ़े छह'च म्हणतात, तिच्या घरात तीन पिढ्या 'साडेसहा' म्हणत आल्या आहेत. रेघ बरोबर होती. नियम मात्र माझा होता, आणि तिने तो एका वाक्यात मोडला होता. मी बरोबरची खूण केली आणि कपाटातून दामल्यांचा ग्रंथ काढावयास उठलो.